बीएमएस की बीबीए? मुंबई विद्यापीठाचं कॉलेज की अभिमत विद्यापीठ?

कल्याणी_डों

भाचीसाठी विचारते आहे. बारावी कॉमर्स, महाराष्ट्र बोर्ड, गणित घेतलेलं होतं. राहायला डोंबिवली पूर्व. दोन पर्याय समोर आहेत.

एक, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेलं स्वायत्त (परीक्षा स्वतः घेणारं) कॉलेज, चर्चगेट परिसरात. बीएमएस (व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी), सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आणि कॅपमधून (सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया). पहिल्या वर्षाची फी साधारण ५५ हजार.

दोन, पार्ल्यातलं एक अभिमत (विद्यापीठाचा दर्जा मिळालेलं, स्वतःची पदवी देणारं) विद्यापीठ. बीबीए (हीही व्यवस्थापनाचीच पदवी), त्यांच्याच प्रवेश परीक्षेतून. पहिल्या वर्षाची फी ४ लाख, शिवाय अनामत. यादीत नाव लागलं आहे आणि पंधरा दिवसांत पूर्ण फी भरा असं पत्र आलं आहे. कॅपची पहिली फेरी अजून लागायची आहे.

पुढे एमबीए करायचं हे तिचं ठरलेलं आहे, सीएचा विचार अधूनमधून डोकावतो. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, ओबीसी. दुसऱ्या पर्यायासाठी कर्ज लागेल.

"आमच्या वेळी अमुक कॉलेज भारी होतं" असे प्रतिसाद नकोत, प्लीज. कागदावर काय तपासायचं, पैशाचा हिशोब कसा मांडायचा आणि कुठे फसायला होतं, ते सांगा.

गिरगावकर

पहिली गोष्ट. मुंबई विद्यापीठाच्या बाजूला तुम्ही खरं तर कॉलेज निवडताय. विद्यापीठ १८५७चं, संलग्न कॉलेजं शेकड्यांनी, आणि दोन कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव तेच असतं. शिकवणारे कोण, वेळापत्रक कसं, कंपन्या येतात का, हे सगळं कॉलेजवर. अभिमतच्या बाजूला अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि पदवी एकाच छपराखाली, त्यामुळे तिथे विद्यापीठ हीच निवड.

बीएमएस मुंबईत १९९९ च्या सुमारास सुरू झालं ते विनाअनुदानित म्हणूनच. जुन्या नामांकित कॉलेजातही बीएमएसला पूर्णवेळ शिक्षक थोडे आणि तासिका तत्त्वावरचे जास्त, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. कॉलेजचं नाव १०० वर्षं जुनं असलं तरी तो लौकिक बहुधा बीए-बीएस्सी-बीकॉमने कमावलेला असतो. तेव्हा विचारायचं ते "बीएमएस विभागात पूर्णवेळ किती?" एवढंच.

आता नावांचे घोळ, कारण यात दरवर्षी लोक अडकतात:

एनएम कॉलेज आणि एनएमआयएमएस ही वेगळी प्रकरणं आहेत. दोन्हीमागे संस्था एकच, दोन्ही पार्ल्यात. पण एनएम हे मुंबई विद्यापीठाशी संलग्न स्वायत्त कॉलेज, तर एनएमआयएमएस २००३ पासून अभिमत विद्यापीठ. प्रवेशाची रीत वेगळी, फीचे आकडे तर फारच वेगळे.

एचआर आणि केसी २०२० पासून एचएसएनसी विद्यापीठात आहेत. सिडनहॅम (१९१३चं) आणि एल्फिन्स्टन २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात. म्हणजे "चर्चगेटचं कॉलेज" म्हटलं की पदवी मुंबई विद्यापीठाचीच असेल असं आता धरून चालता येत नाही. तुमच्या कॉलेजचं एकदा तपासा. वाईट काही नाही त्यात, पण नंतर ट्रान्स्क्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) कुठून काढायचं ते यावरून ठरतं.

मीनल१९

गिरगावकरांनी कॉलेजचं सांगितलं, मी पदवीच्या नावाचं सांगते. पैसा तिथे लपलेला आहे.

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय नियामक परिषद) कक्षेत आले आणि राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी जागा जास्त आणि परीक्षा दिलेली मुलं कमी अशी अवस्था होऊन दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. या कटकटीतून सुटायला मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून "बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)" केलं. विषय जवळपास तेच, पण सीईटी नाही, कॅप नाही, कॉलेज बारावीच्या गुणांवर स्वतःच यादी लावतं.

फरक कुठे पडतो? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. आधी ५० होती. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश यात बसत नाहीत. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं स्पष्टपणे वगळलेली आहेत.

तुमच्या भाचीच्या बाबतीत याचा अर्थ: पर्याय एक कॅपमधून मिळाला तर ५५ हजारांतला मोठा भाग माफ होऊ शकतो. विकास शुल्क, जिमखाना, अनामत वगैरे भरावंच लागतं, म्हणून फी पत्रकात "शिक्षण शुल्क" या ओळीपुढे किती आहे ते बघा. त्याच कॉलेजात तिने बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) घेतलं तर हा मार्ग बंद. पर्याय दोनमध्ये शून्य.

अर्ज महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल), दरवर्षी नूतनीकरण. बँक खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात, हे सर्वात जास्त वेळा होणारं दुखणं.

खडूस_अकाउंटंट

हिशोब मागितलाय ना, घ्या.

फी तिन्ही वर्षं ४ लाखच राहिली असं धरू (राहत नाही). व्याज १० टक्के. शैक्षणिक कर्जाला साधारणपणे अभ्यासक्रम अधिक एक वर्ष एवढी सवड असते, त्या काळात सरळव्याज चढत राहतं. पहिल्या वर्षीच्या ४ लाखांवर चार वर्षांचं १.६ लाख, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर १.२, तिसऱ्यावर ०.८. व्याज ३.६ लाख. म्हणजे हप्ते सुरू होतील त्या दिवशी डोक्यावर १५.६ लाख.

दहा वर्षांत फेडायचं तर महिना २०,६०० च्या आसपास. शिकताना दर महिन्याला व्याज भरत राहिलात तर मुद्दल १२ लाखच राहतं आणि हप्ता १५,८५० वर येतो. बँकेत हा प्रश्न पहिला विचारा: चालू व्याज भरलं तर दरात सवलत किती?

तारण: साडेसात लाखांपर्यंत सहसा मागत नाहीत, त्यावर मागतात. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज आहे आणि ८ लाखांच्या आतल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवडीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत. पण संस्था त्या यादीत असली पाहिजे आणि प्रवेश गुणवत्तेवर झालेला हवा. "आमचा बँकेशी करार आहे" असं प्रवेश कार्यालय म्हणालं तर ते यादीचं उत्तर नव्हे.

आणि खरा मुद्दा. पुढे एमबीए नक्की म्हणताय. चांगल्या संस्थांत एमबीएची फी आज २० लाखांच्या पुढे आहे. पहिलं कर्ज उभं असताना दुसरं मागायला गेलात की बँक घरच्या उत्पन्नाकडे बघते. कर्ज काढण्याची ताकद एकदाच वापरता येणार असेल तर ती पदवीवर का घालवायची?

रुईयाकट्टा

खडूसराव, हिशोब बरोबर, पण खर्चाचीच बाजू मांडलीत. ४ लाखांत मिळतं काय तेही बघू की.

बऱ्या अभिमत विद्यापीठात तुकडी लहान, सादरीकरणं आणि केस स्टडी दर आठवड्याला, एक्सेल-पॉवर बीआय अभ्यासक्रमातच, इंटर्नशिप शोधायला वेगळा विभाग. वर्गातली मुलं देशभरातून येतात. तीन वर्षांनी थेट नोकरीत उतरायचं असेल, विक्री, मार्केटिंग, कन्सल्टिंगमधली सुरुवातीची कामं, तर या सवयींचा उपयोग होतो. घरचा धंदा सांभाळणाऱ्यांनाही होतो.

संलग्न कॉलेजात हे सगळं स्वतः उभं करावं लागतं. कॉलेजचे फेस्ट हे त्यातलं मोठं साधन. प्रायोजक शोधणं, अंदाजपत्रक, माणसं हाताळणं, बीएमएसच्या मुलांना व्यवस्थापन खरं तिथे कळतं. पण कोणी ओढून नेत नाही. घरी डोंबिवलीला रात्री नऊला पोचणाऱ्या मुलीला फेस्टच्या समितीत राहणं कितपत जमेल, तेही पाहा.

सेमिस्टर

रुईयाकट्टा, सवयींचं मान्य. पण "कंपन्या येतात" हे माहितीपत्रकातून ठरवू नका. सर्वाधिक पॅकेज हा आकडा एका मुलाचा असतो. सरासरीही त्या एकामुळे वर जाते. मागायचे ते चार आकडे: बीबीएच्या शेवटच्या वर्षात मुलं किती, नोकरीसाठी नोंदणी केलेली किती, ऑफर मिळालेली किती, आणि मध्यक पगार किती (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी). "१०० टक्के प्लेसमेंट" बहुतेक वेळा नोंदणी केलेल्यांपैकी असते, वर्गापैकी नव्हे.

हे लेखी देत नसतील तर एक आडमार्ग आहे. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी) भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा. तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमांसमोर प्रवेशसंख्या, वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, मध्यक वार्षिक पगार आणि उच्च शिक्षणाला गेलेले असे रकाने असतात. दोन्ही ठिकाणची पीडीएफ शेजारी ठेवून वाचा. सावध एवढंच राहायचं की यात तीन वर्षांचे सगळे अभ्यासक्रम एकत्र असतात; बीए, बीएस्सीही त्यात मिसळलेले. तरी जाहिरातीपेक्षा बरं.

एनआयआरएफची "मॅनेजमेंट" क्रमवारी मात्र बाजूला ठेवा. ती मुख्यतः एमबीएच्या संस्थांची आहे. तिथला क्रमांक दाखवून बीबीए विकणं हा जुना प्रकार.

वसुधा_के

परीक्षांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

स्वायत्त कॉलेज असल्यामुळे प्रश्नपत्रिका, तपासणी, निकाल सगळं कॉलेजचं, पदवी विद्यापीठाची. हे तिच्या फायद्याचं. साध्या संलग्न कॉलेजात शेवटच्या सत्रांचा निकाल विद्यापीठावर अवलंबून असतो. कायद्याने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा आहे, पण २०१७ मध्ये ऑनस्क्रीन तपासणीचा गोंधळ झाला तेव्हा मुलांचे परदेशी प्रवेश लटकले होते. स्वायत्त कॉलेजात ही भीती बरीच कमी.

दुसऱ्या बाजूला स्वायत्त आणि अभिमत, दोन्हीकडे अंतर्गत गुणांचा वाटा मोठा असतो. मुंबई विद्यापीठात नव्या शैक्षणिक धोरणानुसार लेखी ६० आणि अंतर्गत ४० असा साचा आहे. स्वायत्त कॉलेजं आणि अभिमत विद्यापीठं आपापला ठरवतात. एटीकेटीचा नियम वाचा: पहिल्या वर्षाचे किती विषय राहिले तर तिसऱ्या वर्षात जाता येत नाही, आणि पुनर्परीक्षेला विषयामागे किती पैसे. अभिमतमध्ये काही ठिकाणी वर्ष पुन्हा करावं लागलं तर त्या वर्षाची फीही पुन्हा भरावी लागते. ४ लाखांचं वर्ष असेल तर ही ओळ चष्मा लावून वाचण्यासारखी.

सीजीपीएचं (गुणांऐवजी मिळणारी श्रेणी-सरासरी): कॅटच्या (आयआयएमची एमबीए प्रवेश परीक्षा) अर्जात टक्के भरायचे असतात आणि रूपांतर विद्यापीठाच्या सूत्रानेच करायचं असतं. दोन्हीकडे हे सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं आहे का, नाहीतर तसं प्रमाणपत्र मिळतं का, एवढं विचारून ठेवा. कॅटला पदवीत ५० टक्के पुरतात (ओबीसींनाही तेवढेच), पण आयआयएम मुलाखतीसाठी निवडताना दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींचे गुण मोजतात. त्यामुळे कडक मार्किंगचं नामांकित ठिकाण की जरा सढळ हाताने गुण देणारं, हा प्रश्न एमबीएवाल्यांसाठी खराच आहे. कुणी उघडपणे बोलत नाही.

कल्याणी_डों

सगळ्यांचे आभार, पीडीएफचं काम तर आजच करते. सध्या गळ्याशी आलेला प्रश्न: अभिमतवाल्यांची मुदत आधी संपते आणि कॅप नंतर. ४ लाख भरून ठेवले आणि मग कॅपमधून जागा मिळाली तर?

सेमिस्टर

यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ चा फी परतावा नियम अभिमत विद्यापीठांनाही लागू आहे. प्रवेशाची जाहीर केलेली अंतिम तारीख धरायची. तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर १०० टक्के परत (प्रक्रिया खर्च ५ टक्के, कमाल ५,००० वजा). १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९०. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, त्यानंतर शून्य. अनामत मात्र पूर्ण परत.

शिवाय यूजीसी त्या त्या वर्षासाठी वेगळं परिपत्रक काढतं. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून, असं होतं. चालू वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवा.

आता गोम. "अंतिम तारीख" म्हणजे तुमच्या पत्रातली फी भरायची तारीख नव्हे. विद्यापीठाने जाहीर केलेली प्रवेशांची अंतिम तारीख. काही ठिकाणी फी भरतानाच एका घोषणापत्रावर "फी परत मिळणार नाही हे मान्य" अशी सही घेतात. यूजीसीच्या नियमापुढे ते टिकणारं नाही, पण भांडण तुम्हाला करावं लागतं. परतावा नाकारला तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार.

खडूस_अकाउंटंट

सेमिस्टर यांच्याशी सहमत, त्यात एक भर. कर्जातून भरलेली फी परत आली तर ती बहुधा बँकेच्या कर्ज खात्यात जाते, तुमच्या हातात नाही. मधल्या काळाचं व्याज आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी. जमत असेल तर पहिला हप्ता नात्यातून उभा करा. आणि पूर्ण वर्षाऐवजी एका सत्राची फी भरू का, असं ईमेलने विचारा. बऱ्याचदा देतात, फक्त आपणहून सांगत नाहीत.

ठाणेकर_पूर्व

प्रवासाचं मीच लिहितो मग.

चर्चगेट: डोंबिवलीहून फास्टने सीएसएमटी सव्वा तासाच्या आसपास, पुढे चालत पंधरा-वीस मिनिटं. गाडी बदलायची नाही, हा मोठा फायदा. पण बीएमएसची तुकडी सकाळची असेल आणि पहिला तास सातला, तर सव्वापाचला घर सोडणं आलं. दुपारची असेल तर परतताना डाउन फास्टची संध्याकाळची गर्दी. तुकडी कोणती ते प्रवेशाआधी विचारा, नंतर बदलून मिळत नाही.

पार्ला: घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने अंधेरी, तिथून स्लोने एक स्टेशन मागे. पार्ल्याला फास्ट थांबत नाही. किंवा दादरला बदलून स्लो. तीन वाहनं आणि घाटकोपरचा जिना. दिवसभराचं वेळापत्रक असेल तर जाऊन-येऊन चार तास धरा. वसतिगृह किंवा पेइंग गेस्ट म्हटलं तर खडूसरावांच्या १५.६ लाखांत पार्ल्याच्या भाड्याची भर.

पोदारची_गल्ली

सीए "अधूनमधून डोकावतो" म्हणालात, तो आत्ताच नक्की करा, कारण दोन्ही पर्यायांचा निकाल त्यावर फिरू शकतो.

२०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) दोन वर्षांची झाली आणि इंटरचे (सीएची मधली परीक्षा) दोन्ही ग्रुप सुटल्यावरच ती सुरू होते. बारावीनंतर फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा), मग इंटरसाठी आठ महिने अभ्यासाचा काळ. सगळं पहिल्या फटक्यात सुटलं तरी आर्टिकलशिप येते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या आसपास. तेव्हा कॉलेज सोबत चालू ठेवायला सीए इन्स्टिट्यूटची परवानगी लागते (फॉर्म ११२) आणि तासांची वेळ ऑफिसच्या वेळेवर येता कामा नये. सकाळच्या तुकडीच्या कॉलेजात हे जुळतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आणि कडक हजेरी असलेल्या विद्यापीठात जुळत नाही. मुंबई विद्यापीठातही ७५ टक्के हजेरीचा नियम आहेच, फक्त तासच सकाळी दहा-अकराला संपतात.

दुसरा रस्ता: पदवीनंतर थेट इंटर. कॉमर्स पदवीधराला ५५ टक्के, पण अकाउंटिंग, ऑडिटिंग, कायदा, कर, कॉस्टिंग, अर्थशास्त्र, मॅनेजमेंट अशा विषयांचे १०० गुणांचे किमान तीन पेपर झालेले हवेत. बाकीच्यांना ६० टक्के. बीएमएस किंवा बीबीएच्या विषययादीवर हे तीन पेपर खुणा करून बघा. श्रेयांक पद्धतीत ५०-५० गुणांचे पेपर झालेत, तिथे घोटाळा होऊ शकतो.

आणि सीएच करायचं असेल तर बीएमएस-बीबीए कशाला? बीकॉम किंवा बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्सची पदवी) घ्या. पण तो वेगळा धागा.

गिरगावकर

अवांतर, पण कामाचं: चर्चगेट-पार्ले पट्ट्यातली बरीच नामांकित कॉलेजं भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्था आहेत. जयहिंद सिंधी, मिठीबाई आणि एनएम गुजराती, झेवियर्स ख्रिश्चन. अल्पसंख्याक कोटा आणि संस्था स्तरावरच्या जागा वजा जाता कॅपमधून खुल्या स्पर्धेत येणाऱ्या जागा कमी उरतात. कॅपच्या जागावाटपाच्या तक्त्यात कॉलेजनिहाय आकडे असतात. मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना तुमच्या प्रवर्गाच्या त्या कॉलेजात जागा मुळात किती होत्या तेही पाहा. दोन जागांचा कटऑफ काहीच सांगत नाही.

वसुधा_के

चौथ्या वर्षाबद्दल विचारणा होईल म्हणून आधीच: एमबीएला तीन वर्षांची पदवी पुरते, ऑनर्सचं चौथं वर्ष लागत नाही. अमेरिकेत एमएसचा विचार असेल तर चौथं वर्ष उपयोगी, पण ते त्याच कॉलेजात चालू असेलच असं नाही. बीबीएच्या विद्यापीठांत सहसा असतं, चौथ्या वर्षाच्या लाखांच्या फीसह.

कल्याणी_डों

प्रॉस्पेक्टस पुन्हा वाचलं. फी "दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत" वाढू शकते अशी ओळ सापडली, मागच्या पानावर बारीक अक्षरात. हजेरी ८० टक्के. बीबीएची पूर्णवेळ शिक्षकसंख्या लेखी दिली, नोकऱ्यांचे आकडे "मुलाखतीच्या वेळी सांगू" म्हणाले. चर्चगेटचं कॉलेज मुंबई विद्यापीठाचंच आहे, अभ्यासक्रम बीएमएसच आहे (नाव बदललेलं नाही), तुकडी सकाळी साडेसातची.

सीए बाद. तिने स्वतःच सांगितलं. आता कॅपमध्ये पसंतीक्रम कसा भरायचा?

खडूस_अकाउंटंट

१० टक्के वाढ धरली तर फी ४ + ४.४ + ४.८४, म्हणजे १३.२४ लाख. व्याज सुमारे ३.८९. हप्ते सुरू होताना १७.१३ लाख, महिना २२,६०० च्या घरात. आधीचा आकडा खोडा.

हा हप्ता भरायला पहिल्या नोकरीत हातात किती पडायला हवेत ते त्यांच्याच मध्यक पगारावरून काढा. ज्या विद्यापीठाला मध्यक सांगायला मुलाखत लागते, त्यांचा मी तरी लहानच धरेन.

मीनल१९

कॅपचं सांगते.

पसंतीक्रमात पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाका जे मिळालं तर नक्की घ्यायचं आहे. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. "बघू तर मिळतंय का" म्हणून वर काही टाकू नका. खाली मात्र भरपूर पर्याय टाका: दादर-माटुंगा, घाटकोपर, ठाणे पट्ट्यातलीही कॉलेजं, कारण साडेसातची तुकडी चर्चगेटला आणि साडेसातची माटुंग्याला यात रोजचा तासभर वाचतो. खालचे पर्याय भरल्याने वरचा मिळण्याची शक्यता कमी होत नाही, ही भीती उगाच पसरलेली आहे. मिळालेली जागा स्वीकारायला १,००० रुपये भरायचे, ते मुदतीत नाही भरले तर जागा गेली.

विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणीही लागते, ती कॅपपेक्षा वेगळी. कॉलेज प्रवेशाच्या वेळी तिचा क्रमांक मागतं.

कागद आत्ताच काढा. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय ते संपतानाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. जुनं या मार्चला संपलेलं असेल तर चालणार नाही, आणि ते वेळेत नसेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. मग प्रवर्गाची जागाही गेली आणि वरची शुल्कमाफीही धोक्यात. तीन वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे जोडून आपले सरकारवर किंवा सेतूत अर्ज करा. निकालाच्या हंगामात तिथे रांगा वाढतात. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती तरी हातात हवी. अधिवासही लागेल.

आणि अभिमतला मायग्रेशन सर्टिफिकेट (बोर्ड सोडल्याचा दाखला) लागतं, ते वाशीच्या मुंबई विभागीय मंडळातून. गुणपत्रिका वगैरेंच्या मूळ प्रती त्यांच्याकडे ठेवू नका, पडताळून परत घ्या. मूळ कागद ठेवून घ्यायला यूजीसीची मनाई आहे, आणि कॅपच्या कागदपत्र तपासणीला तेच कागद लागतील.